ती कोण, पाहुणा कोण

ज्ञानदेवांची 'पैल तो गे काऊ' ही विराणी, म्हणजे विरहगीत, बहुतेक मराठी माणसांच्या कानात आहे ती लता मंगेशकरांच्या आवाजात, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत. हे गाणे कशाबद्दल आहे असे विचारले, की दोन प्रकारची उत्तरे येतात. एक म्हणजे, प्रियकराची किंवा परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईचे हे गाणे. दुसरे म्हणजे, जीव शिवाची वाट पाहतो आहे, बाकी सगळे रूपक. गंमत अशी, की दोन्ही उत्तरे देणाऱ्यांना गाणे तोंडपाठ असते.

गाण्यात घडते ते अगदी साधे आहे. पलीकडे कावळा ओरडतो. घरातल्या बाईला तो शकुन वाटतो. ती कावळ्याला आमिषे दाखवते: पाय सोन्याने मढवून देईन, दहीभाताचा घास तोंडाशी लावीन, दुधाची वाटी भरून देईन, आंब्याच्या डहाळीवरची रसाळ फळे आहेतच. बदल्यात तिला एवढेच हवे आहे, की पाहुणा घरी केव्हा येणार ते त्याने खरे खरे सांगावे. हा पाहुणा कोण, तेही गाणे लपवत नाही. दुसऱ्याच कडव्यात तो पंढरीचा राजा असल्याचे ती सांगून टाकते, आणि पुढे विठोबाचे नाव घेऊन विचारते. म्हणजे पहिल्या उत्तरातला नवरा किंवा प्रियकर गाण्यात कुठेच नाही. तरीही तो ऐकू येतो, कारण वाट पाहण्याची ती सगळी तऱ्हा घरातली आहे. कावळा ओरडला की पाहुणा येतो हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. पाहुण्याचे नाव कानावरून निघून जाते, वाट पाहणे मनात राहते.

दुसरे उत्तर देणारे वेगळी चूक करतात, आणि मला ती जास्त मोठी वाटते. ते गाण्यातली एकेक वस्तू उचलतात आणि तिच्या जागी एकेक तत्त्व ठेवतात. कावळा म्हणजे गुरू, दहीभात म्हणजे अमुक, दूध म्हणजे तमुक, आंबा म्हणजे आणखी काही. हिशेब पुरा होतो आणि त्यातून बाई नाहीशी होते. जिच्या तोंडून हे गाणे आले, जी एका पक्ष्याला लाच द्यायला निघाली आहे, तिची अधीरता शिल्लक राहत नाही. मग ज्ञानदेवांनी बाईचा आवाज घेतलाच कशाला, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तत्त्वच सांगायचे असते तर त्यांच्या हाती ओवी होती.

असे जागेवर जागा बसवून सुटणारी गाणी आपल्या परंपरेत आहेत. मुक्ताबाईंच्या 'मुंगी उडाली आकाशी' या अभंगात मुंगी सूर्य गिळते, वांझेला मुलगा होतो, विंचू पाताळात जातो तर शेष त्याच्या पाया पडतो. हे कूट आहे. त्यातले प्रत्येक चित्र मुद्दाम अशक्य ठेवलेले आहे, म्हणजे ऐकणाऱ्याने थबकावे आणि उकल शोधावी. कबीरांच्या उलटबाँसीची रीत अशीच. कलगीवाले आणि तुरेवाले फडात समोरासमोर येत आणि भेदिक लावणीतून एकमेकांना कोडी घालत, तेव्हाही समोरच्याने उकल करून दाखवायची असा नियमच होता. एकनाथांचे विंचवाचे भारूड आणखी सोपे आहे. तिथे विंचू म्हणजे कामक्रोध हे नाथ स्वतःच सांगतात आणि उताराही देतात: तमोगुण दूर सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा. शाहीर साबळ्यांच्या खणखणीत आवाजात ते ठणाणा करणे ऐकून प्रेक्षक हसतात, आणि हसता हसता किल्ली त्यांच्या हाती पडलेली असते.

विराणीला अशी किल्ली नाही. तिच्यात अशक्य काही नसते. कावळा ओरडतो, बाई त्याच्याशी बोलते, यात अडखळावे असे काय आहे? संस्कृत काव्यशास्त्रात याला नेमकी कसोटी आहे. शब्दाचा नेहमीचा अर्थ जिथे अडतो, बसत नाही, तिथे 'मुख्यार्थबाध' झाला असे म्हणतात, आणि मगच दुसऱ्या अर्थाकडे वळायची परवानगी मिळते. ज्ञानदेवांच्याच 'मोगरा फुलला' मध्ये हा अडथळा स्पष्ट आहे. दारात लावलेल्या इवल्या रोपाचा वेल गगनापर्यंत पोचतो. कोणताही मोगरा असे करत नाही. शिवाय पुढे जो शेला गुंफला आहे, तो मनाच्या गुंत्यातून. इथे गाणेच सांगते आहे, की मला बागेतल्या झाडापुरते ठेवू नका. कावळ्याच्या विराणीत असा धक्का कुठेच बसत नाही. म्हणून तिच्यातला दुसरा अर्थ लावायचा झाला तर पहिला अर्थ शाबूत ठेवूनच तो लावावा लागतो.

हे नुसते माझे मत नाही. एक अर्थ उभा असतानाच त्यातून दुसरा निघतो, याचा विचार आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी फार बारकाईने झाला. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला. शब्दाचा सरळ अर्थ आणि त्यातून सुचणारा अर्थ यांतला फरक दाखवण्यासाठी त्याने जे उदाहरण सुरुवातीलाच घेतले, ते महाराष्ट्री प्राकृतातले आहे. हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'तली ती गाथा गोदावरीच्या काठची आहे. मराठी वाचकाला याचा आनंद व्हावा: काव्यातल्या सूचित अर्थाची चर्चा काश्मीरच्या पंडिताने सुरू केली ती गोदाकाठचे उदाहरण घेऊन.

त्या गाथेत कोणीतरी एका धार्मिक माणसाला सांगते, की आता खुशाल निर्धास्त फिर. तुला त्रास देणारा कुत्रा आज मारला गेला. मारला कोणी? गोदावरीच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या मस्तवाल सिंहाने. शब्द म्हणतात, जा. अर्थ होतो, चुकूनही जाऊ नकोस. टीकाकार पुढे समजावतात: बोलणारी एक बाई आहे, नदीकाठच्या कुंजात ती प्रियकराला भेटते, हा भाविक नेमका तिथेच फुले तोडायला येतो आणि त्यांच्या भेटीत अडथळा होतो, म्हणून ती त्याला घाबरवून घालवते आहे.

आता गाथा पुन्हा वाचली तर लक्षात येते, की तिच्यात प्रियकर नाही, भेट नाही, फुले नाहीत. हा सगळा प्रसंग परंपरेने पुरवलेला आहे. प्रसंग काढून घेतला तर ही गाथा एका भित्र्या माणसाला मिळालेली बातमी एवढीच उरते. अकराव्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेक' हा ग्रंथच आनंदवर्धनाच्या विरोधात लिहिला. त्याचे म्हणणे असे, की सुचवणारी शक्ती वगैरे वेगळी मानण्याची गरज नाही, हे सरळ अनुमान आहे. जो कुत्र्याला घाबरतो, तो सिंह असलेल्या जागी जाणार नाही, हे ऐकणारा तर्काने ओळखतो. वादात पुढे आनंदवर्धनाचीच सरशी झाली, आणि काव्याचा अनुभव तर्कापेक्षा मोठा असतो हे मलाही मान्य आहे. पण गाण्याच्या अर्थावर बोलणाऱ्या प्रत्येकाने महिमभट्टाची एक मागणी लक्षात ठेवावी असे वाटते. तुम्ही अर्थापर्यंत पोचलात, तर कोणत्या पायऱ्या चढून पोचलात ते दाखवा.

ही मागणी कावळ्याच्या गाण्याला लावून पाहू. मराठी घरात कावळ्याला भाताचा घास ठेवण्याची आणखी एक वेळ असते. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहतात, पितृपक्षात त्याच्यासाठी घास काढून ठेवतात. मग या विराणीत मृत्यूची सावली आहे असे म्हणता येईल का? कल्पना मोहात पाडणारी आहे. आज कोणी असा लेख लिहिला तर तो आवडीने वाचलाही जाईल. पण पायऱ्या मोजायला गेले की ती टिकत नाही. सोन्याने मढवलेले पाय, दुधाची वाटी, आंब्याची रसाळ फळे, जिवाला जे आवडते त्याची गोडी: गाण्यातला प्रत्येक तपशील सणाच्या घरासारखा भरलेला आहे. दुखवट्याच्या बाजूने एकही शब्द साक्ष देत नाही. म्हणजे तो कावळा आपल्या आठवणीतून आलेला आहे, गाण्यातून नव्हे. ऐकणाऱ्याच्या मनात तो येणे स्वाभाविक आहे. तो ज्ञानदेवांच्या नावावर टाकायला मात्र मी तयार नाही.

याउलट एक गोष्ट गाण्यातच आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून निसटते. पहिल्याच ओळीत कावळा शकुन सांगतोच आहे. तरीही ती पुन्हा पुन्हा विचारते: लवकर सांग, खरे सांग, येईल का? शकुन झालेला असूनही तिला तो पुरत नाही. या अविश्वासात मला गाण्याचा जीव दिसतो. पाहुणा विठोबा आहे हे मान्य करूनच ती बाई अशी उतावीळ आणि साशंक होते, आणि म्हणूनच भक्ती म्हणजे काय असते ते तिच्याकडून कळते. कावळ्याच्या जागी गुरू बसवला, की हे सगळे हरवते. गुरूला लाच दाखवून वर खरे बोलतोस ना असे कोण विचारील?

अर्थ कशाकशावर ठरतो याची यादीही जुन्या शास्त्रकारांनी करून ठेवली आहे. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त ती सापडते: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वर कसा, वाक्य काय, जवळ तिसरे कोणी आहे का, प्रसंग कोणता, जागा कोणती, वेळ कोणती. त्याच ग्रंथात सूर्य मावळल्याचे एक सुंदर उदाहरण आहे. तीच बातमी सेनापतीला दिली तर हल्ला करण्याची वेळ झाली असा अर्थ होतो. अभिसारिकेला ती निघण्याची खूण वाटते. मजुराला काम थांबवायचे असते, गुराख्याला गुरे वळवायची असतात, दुकानदाराला माल आवरायचा असतो. संध्येला बसणाऱ्याला ती धर्माची हाक असते. आणि वाट पाहून थकलेलीला कळते, की तो आजही आला नाही.

गाण्याच्या बाबतीत या यादीतला 'स्वर' फार मोठा होतो. शास्त्रकार त्याला काकू म्हणतात. छापील कविता वाचताना काकू वाचकाच्या हाती असते. चाल लागली की ती संगीतकाराच्या आणि गायकाच्या हाती जाते. कुठे थांबायचे, कोणता शब्द लांबवायचा, कोणत्या कडव्यानंतर धृपदावर परत यायचे, कोणते कडवे गाळायचे: यातला प्रत्येक निर्णय हा अर्थाचा निर्णय असतो. जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे लांब रचनांची कडवी कापणे भागच असे. अभंगात असे करताना एक धोका असतो. कवीचे नाव शेवटच्या कडव्यात येते आणि पुष्कळदा तिथेच गाण्याची दिशा पक्की होते. मोगऱ्याच्या गाण्यातून शेवटचा चरण गाळून पाहा. विठ्ठलाला केलेले अर्पण जाईल आणि एका बहरलेल्या सकाळीचे गोड भावगीत उरेल.

जागेचेही तसेच आहे. कीर्तनकार विराणी निरूपणाला घेतो, तेव्हा समोर टाळकरी उभे असतात, आधी नामघोष झालेला असतो आणि पाहुणा कोण याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. तीच रचना दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात दोन नाट्यपदांच्या आणि एका प्रेमगीताच्या मध्ये गायली जाते, तेव्हा शेजारच्या गाण्यांचा रंग तिच्यावर चढतो. हा प्रश्न आपलाच आहे असे नाही. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांत 'गीतरत्न' नावाचे एक पुस्तक आहे. ते वरवर पाहता निखळ प्रेमगीत आहे. प्रियकर, प्रेयसी, बागा, द्राक्षमळे, रात्री गावभर घेतलेला शोध असे सगळे त्यात आहे, देवाचा उल्लेख मात्र शोधूनही क्वचितच हाती लागावा. ते पवित्र ग्रंथांत धरावे की नाही यावर वाद झाला, तेव्हा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले विख्यात धर्मपंडित रब्बी अकिवा त्याच्या बाजूने उभे राहिले. सगळे ग्रंथ पवित्र, पण हे सर्वांत पवित्र, अशी त्यांची भूमिका होती. मात्र जो कोणी हे गीत मेजवानीच्या घरात आलाप घेऊन गाईल, त्याला परलोकात वाटा नाही असेही त्यांनी बजावले. शब्द तेच असूनही जागा बदलली की अर्थ बदलतो, हे त्यांना पक्के माहीत होते. त्यांची शिक्षा मला फार कठोर वाटते, पण निरीक्षण अचूक आहे. पुढे बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्ड यांनी याच पुस्तकावर 86 प्रवचने लिहिली, आणि तेवढ्यातही ते तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापलीकडे पोचले नाहीत.

विराण्यांमध्ये पाहुण्याचे नाव तरी दिलेले असते. आधुनिक कवितेने ते देणे सोडले आणि अर्थाचा सगळा भार ऐकणाऱ्यावर आला. ग्रेस यांची 'ती गेली तेव्हा' ही कविता याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. माणिक गोडघाटे म्हणजे ग्रेस, जन्म 1937 चा, नागपूरचे. 1989 च्या 'निवडुंग' चित्रपटात हृदयनाथ मंगेशकरांनी ही कविता स्वतःच्या चालीत, स्वतःच्या आवाजात गायली आणि ती घराघरात गेली. सोडून गेलेल्या प्रेयसीचे गाणे म्हणून ती कितीतरी जणांनी मनाशी धरली. आजही पाऊस आला की विरहाच्या गाण्यांत तिची आठवण निघते.

आणि कवितेत मात्र ती आई होती असे स्वच्छ शब्दांत सांगितलेले आहे. त्यानंतर अंगणात उभे असताना आपले बालपण संपल्यासारखे वाटले, हेही सांगितलेले आहे. खिडकीवर एकटा कंदील आहे. ग्रेस दुर्बोध आहेत असा त्यांचा लौकिक, पण इथे त्यांनी सगळ्यात महत्त्वाचा शब्द कुठेही झाकलेला नाही. मग तो ऐकू का येत नाही? मला वाटते, याला दोन कारणे आहेत. आपल्या भावगीतांनी कित्येक दशके आपल्या कानाला एक सवय लावली, की गाण्यात नाव न घेता आलेली 'ती' म्हणजे प्रेयसी, आणि तिच्यासोबत पाऊस असेल तर नक्कीच. पहिल्या ओळीतच ही सवय कामाला लागते. आई हा शब्द येईपर्यंत ऐकणाऱ्याने आपली 'ती' ठरवून टाकलेली असते. दुसरे कारण खुद्द कवीचा लौकिक. ग्रेस समजत नाहीत असे एकदा मनाने घेतले, की त्यांचे सरळ वाक्यही आपण वाक्य म्हणून ऐकत नाही, आवाज म्हणून ऐकतो.

आई आहे हे मान्य केले तरी संदिग्धता संपत नाही, आणि ही उरलेली संदिग्धता खरी आहे. ती वारली की घर सोडून निघून गेली? मराठीत दोन्हीसाठी तेच क्रियापद चालते आणि कवितेने निवाडा दिलेला नाही. मृत्यू म्हणावा तर घरभर माणसे जमलेली नाहीत, विधी नाहीत, कोणाचा हंबरडा नाही. निघून जाणे म्हणावे तर ती कुठे आणि का गेली याचा मागमूस नाही. मुलाच्या बाजूने पाहिले तर हा भेद तितका मोठा नसावा, कारण दोन्हीकडे अंगण रिकामेच होते. या कवितेत द्रौपदीच्या वस्त्रांची आणि कृष्णाची एक प्रतिमा आहे, जिच्याशी वाचक फार झगडतात. लाज झाकायला धावून आलेला कृष्ण तिथे स्वतःच उघडा दिसतो. माझे वाचन असे: मुलाला मोठेपणी कळते, की ज्याने वाचवायचे त्याच्याजवळही द्यायला काही शिल्लक नव्हते. म्हणूनच वाढत्या वयात त्याचा गहिवर आटला आहे, असे त्या प्रतिमेच्या आधी आलेल्या शब्दांवरून वाटते. दुसऱ्या कोणाला त्यात आईच्या अब्रूचा प्रश्न दिसेल. त्याच्याही पायऱ्या दाखवता येतील, द्रौपदीचे नाव काही उगीच आलेले नाही.

या कवितेभोवती कवीच्या घरच्या माणसांबद्दल ऐकीव कहाण्या सांगितल्या जातात. त्या मी इथे सांगणार नाही. कहाणी ऐकली की लोकांना कविता समजल्यासारखी वाटते आणि ते वाचणे थांबवतात. कंदील, सावध वारा, ढगांत अडकलेली किरणे, ती सोडवणारा सूर्य हे सगळे मग पुराव्याचे कागद होतात. चरित्राने कवितेवर प्रकाश जरूर पडतो, पण त्या प्रकाशात शेवटी कविताच पाहायची असते.

चरित्राचा प्रश्न ज्ञानदेवांनाही चुकलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने लिहून असे मांडले, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानदेव हे दोन वेगळे पुरुष असावेत. ज्ञानेश्वरीत विठ्ठल नाही आणि अभंगांत तो पावलोपावली आहे, दोघांच्या भाषेतही अंतर दिसते, असा त्यांचा युक्तिवाद होता. बहुतेक अभ्यासकांनी तो स्वीकारला नाही. तोंडी गायल्या जाणाऱ्या रचनेची भाषा गाणाऱ्यांसोबत नवी होत जाते, हे त्यावरचे सरळ उत्तर आहे. पण या वादाने अर्थाच्या दृष्टीने एक मोलाचा प्रश्न पुढे आणला. विराणीचा अर्थ लावताना त्याच कवीच्या तत्त्वग्रंथांची साक्ष काढता येते का?

'घनु वाजे' या विराणीत हा प्रश्न अगदी टोकाला येतो. इथे बोलणारी गोपी आहे आणि ऐकणाऱ्या तिच्या सख्या आहेत. ढग घुमतो आहे, वारा वाहतो आहे आणि ती सख्यांना म्हणते, त्याला लवकर भेटवा. चांदणे, चाफा, चंदन, काही नकोसे झाले आहे. चंदनाची चोळी अंग पोळते, फुलांची शेज आगीसारखी भाजते. थंड वस्तूंनी भाजणे हा विरहवर्णनाचा जुना संकेत आहे, संस्कृत-प्राकृत काव्यात तो ठायी ठायी भेटतो. इथवर काही वेगळे नाही. वेगळे आहे ते शेवटचे कडवे. ती आरशात पाहते आणि तिला स्वतःचे रूप दिसत नाही. रखुमादेवीच्या वराने आपले असे करून टाकले, असे ती म्हणते आणि गाणे संपते.

विरहाने ती इतकी झुरली आहे की स्वतःला ओळखू येत नाही, असे कोणी म्हणेल. त्याने थोडेफार भागते, पण रूप ओळखू न येणे वेगळे आणि दिसतच नाही हे वेगळे. तिच्या जागी आता तोच दिसतो, असेही म्हणतात. पण कडव्यात तो दिसल्याचे नाही, फक्त ती न दिसल्याचे आहे. तिसरे वाचन अद्वैताचे: पाहणारा उरला नाही, म्हणून पाहायचेही काही उरले नाही. या वाचनाला ज्ञानदेवांच्या ग्रंथांचा आधार मिळतो, कारण 'चांगदेव पासष्टी'त मुख आणि आरसा यांचाच दृष्टान्त आहे. द्रष्टा आणि दृश्य यांची गोष्ट तिथे याच दोहोंनी समजावलेली आहे.

तरीही ते वाचन मला इथे जसेच्या तसे लावता येत नाही. पासष्टीतल्या विचारानुसार आरसा असो वा नसो, मुख आपल्या ठिकाणी असतेच, आरशाने फक्त ते दाखवले जाते. विराणीत उलटे घडले आहे. आरसा समोर आहे आणि रूप गेले आहे. शिवाय जो भेटावा म्हणून ती गाणेभर विनवते आहे, तो अजून आलेलाच नाही. न येताच त्याने तिचे रूप नेले. संपूर्ण ऐक्य झाले असते तर हे सांगायला, आणि ते सख्यांना ऐकवायला, कोणी मागे उरले नसते. इथे सांगणारी उरली आहे आणि तिने त्याचे नाव घेऊन दोष त्याच्यावर ठेवला आहे. म्हणून या शेवटच्या कडव्यात मला समाधीपेक्षा तक्रार जास्त ऐकू येते. ती तक्रार ज्याच्याबद्दल आहे त्याला पहिल्या कडव्यात तिनेच संसारातून तारणारा म्हटले होते, हे लक्षात घेतले तर तिचे दुःख आणि तिचे तरणे वेगवेगळे काढून दाखवणे कठीण होते.